पुलावरची दोन मिनिटं

सुप्रियाने टर्बोच्या तोंडात बोट घालून आतलं पातं हलवलं. ते सैल दातासारखं हललं आणि बोटाला काळं, करपलेलं ऑइल लागलं. तिने त्याचा वासही घेतला.

"तिसरा," ती म्हणाली.

"ते मलाबी मोजता येतंय," अजित म्हणाला. "का जातोय, ते सांगा."

तिथेच तर घोडं अडलं होतं. अजितची सणसरला उसाची रोपवाटिका. दीड वर्षापूर्वी त्याने आणि शेजारच्या लीलाबाईंनी एकाच दिवशी, एकाच बनावटीच्या पिकअप घेतल्या. इंजिन एवढंसं, पण त्यात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या जोरावर दीड टन माल ओढणारं. लीलाबाईंची गाडी ऋतिक चालवायचा; खड्डा दिसला की वेग वाढवायचा, असा त्याचा खाक्या. तरी तिला ढिम्म काही होत नव्हतं. आणि अजितकडचा गोकुळ म्हणजे अकरा वर्षांत आरशालाही ओरखडा न पाडलेला माणूस. तीन टर्बो गेले ते नेमके त्याच्या हातात. हा उफराटा न्याय सुप्रियाला पचत नव्हता. बारामती रस्त्याला तिचं स्वतःचं गॅरेज होतं, आणि एखादी गोष्ट का बिघडली हे कळेपर्यंत तिला जेवण गोड लागायचं नाही.

"गाडी एकतर गोकुळ बिघडवतोय, न्हायतर तुमी," अजित म्हणाला. "सोमवारपासनं मी दुसरा डायवर बघतोय."

गोकुळ बाजूलाच फडक्याने काच पुसत होता. तो पुसतच राहिला.

"गोकुळदादा, मी दोन मिनिटांचं सांगितलं होतं, ते करता ना?" सुप्रियाने विचारलं. गाडी ताणून आणली आणि लगेच चावी फिरवून बंद केली, की तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत नाही आणि आत असलेलं करपतं. म्हणून बंद करण्याआधी दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, हे तिने त्याला पहिल्याच वेळी बजावलं होतं.

"घड्याळ लावून करतो, ताई. पायजे तर बरुबर चला."

नवा टर्बो बसवून झाल्यावर शनिवारी ती खरंच बरोबर गेली. बारामतीत रोपं उतरवायच्या जागी पोचल्यावर गोकुळने मोबाइलवर घड्याळ लावलं आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिला. मागून हॉर्न वाजत होते. दोन मिनिटं झाल्यावरच त्याने चावी फिरवली. आपलं शिक्षणच खोटं की काय, असं सुप्रियाला वाटायला लागलं.

येताना गाडीत रोपांसाठी कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, पोती खच्चून भरली होती. गावाच्या अलीकडे कालव्याचा पूल, आणि त्यावर जायचा चढ चांगलाच उभा. गोकुळने गिअर खाली घेतला, इंजिन कण्हलं, टर्बोची शीळ वाढत गेली. वर पुलाच्या कठड्यावर अजितचे वडील, अप्पा, काठी टेकून बसले होते. गाडी त्यांच्यापाशी थांबली, आणि ती थांबते न थांबते तोच गोकुळने चावी फिरवली.

"काय म्हणतीय बारामती?" अप्पांनी विचारलं.

गोकुळ खाली उतरला. बारामतीत कोण भेटलं, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, सगळं त्याने बैजवार सांगितलं. मग अप्पांची परवानगी घेऊन गाडी पुन्हा चालू केली.

"रोज थांबता इथं?" सुप्रियाने विचारलं.

"रोज. अप्पा बसत्यात न्हवं हितं."

"आणि बंद करता? दोन मिनिटं न थांबता?"

गोकुळने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "वडीलधारं माणूस बोलतंय आन् आपलं इंजिन घरघरतंय, ही काय रीत झाली?"

"मग ऋतिक काय करतो?"

"त्यो कशाला थांबतोय! चालत्या गाडीतनं हात करतो नुसता."

म्हणजे चढावर तापलेला ऋतिकचा टर्बो घरापर्यंतच्या वाटेवर आपसूक निवत होता. सुप्रियाला हसू फुटलं, आणि पाठोपाठ वाईटही वाटलं.

घरी अप्पा चालत येऊन पोचले, तेव्हा ती अजितला सांगायला लागली होती. "ताई, ऱ्हाऊ द्या," गोकुळ दोनदा म्हणाला. पण त्याची नोकरी जात होती. तिने सगळं सांगितलं.

"एवढंच व्हय!" अजितचा जीव भांड्यात पडला. "मग पुलावर थांबायचं न्हाय. मिटलं."

"ते न्हाय जमायचं, मालक. अप्पा बसल्यात आन् मी तोंड फिरवून पुढं जाऊ?"

"बरं, थांब. पर बंद करू नगंस."

"त्येबी न्हाय जमायचं."

"मग उद्याची खेप कर आन् चावी ठिव."

गोकुळने मान डोलावली. अप्पा खाली बघत होते. पायापाशीच पडलेली पायताणं शोधायला त्यांनी बराच वेळ लावला.

"माझ्यापायी तीन गेलं म्हणायचं," ते म्हणाले. मग सुप्रियाकडे वळले. "पोरी, नेमका किती येळ चालू ठिवायची?"

"दोन मिनिटं, अप्पा."

रविवारी टर्बो तपासायचं निमित्त काढून सुप्रिया पुन्हा गाडीत बसली. येताना खताची पोती होती. चढ आला, आणि अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशी शीळ घालत गाडी पुलावर चढली.

अप्पा कठड्यावरच होते. पण आज रस्त्याकडे पाठ करून, कालव्यात बघत बसले होते.

गाडी थांबली. गोकुळचा हात चावीकडे गेला आणि मध्येच थबकला. अप्पा बघत नव्हते, बोलत नव्हते. त्याने सुप्रियाकडे पाहिलं. ती समोरच्या घड्याळाकडे बघत होती. इंजिन घरघरत राहिलं. अप्पांची मान काही हलली नाही. काठीवरचा अंगठा मात्र बोटांच्या पेरांवरून एकेक करत सरकत होता.

दोन मिनिटं झाली. गोकुळने चावी फिरवली.

सगळं शांत झाल्यावर अप्पा सावकाश वळले.

"आरं," ते म्हणाले, "कवा आलास?"

गोकुळ अप्पांशी आजवर कधी खोटं बोलला नव्हता. तो खाली उतरला.

"हे काय, आत्ताच आलो, अप्पा."