मानेवरचा हात

दुर्पताचं काळीज कधी उधळेल, नेम नसे. चांगली धान कांडत असलेली बाई, आणि एकाएकी छातीत अशी धडधड सुरू व्हायची की लुगड्यावरून दिसावी. लग्नानंतर पहिल्यांदा झालं तेव्हा सासू रुख्माबाई अंगारा शोधू लागली. नवरा जंगलू पडला ढिवर, तलावात मासे धरणारा, त्याला पाण्याशिवाय दुसरं काय सुचणार! त्याने बायकोच्या मानेवर हात ठेवला आणि तिचं तोंड गार पाण्याच्या घंगाळात बुडवलं. आणि काय सांगावं, धडधड थांबली.

तिरोड्याचे डॉक्टर हे ऐकून हसले. म्हणाले, "काळजाला जाणाऱ्या नसा म्हणजे दोन कासरे. एक पळवतो, दुसरा आवरतो, आणि दोन्ही आपल्या हुकमात नसतात. तोंडाला गार पाणी लागलं की आवरणारा ओढला जातो. फार वेळ पळू देऊ नका, रक्ताचा दाब उतरून माणूस कोसळतो."

खोटं कशाला बोला, दुर्पताला त्या दुखण्याची गोडीच लागली. धडधडलं की जंगलूचा हात मानेवर येई, मग तो आपल्या दुपट्ट्याने तिचं तोंड पुसे.

पुढे जपानची लढाई आली. जंगलू आसामात सडका बांधायला गेला. लढाई संपली, गावचे बाकीचे परतले. जंगलूचा पत्ता नाही.

धडधड मात्र येतच राहिली. रुख्माबाई घंगाळ भरून ओरडे, "बुडव ना तोंड, पोरी!"

"थे आले का मंग बुडवीन," म्हणून दुर्पता धडधड आपोआप थांबेपर्यंत भुईवर पडून राही. बाई मोठी हट्टी! स्वतःच बुडवलं तर तो येणार नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं तिला वाटे.

त्या हिवाळ्यात ती चोरखमाऱ्याच्या तलावात कंबरभर पाण्यात शिंगाडे तोडत होती. काळीज उधळलं. नेहमीसारखं थांबेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. इथे पडली तर संपलंच. काठावर रुख्माबाई हाका मारत होती. पोरगा गेला, आता सूनही गेली तर म्हातारीला कोण?

दुर्पताने स्वतःचाच हात मानेवर ठेवला आणि तोंड पाण्यात घातलं. काळीज क्षणभर थबकलं, मग हळूहळू चालू लागलं.

ती काठावर येऊन हुंदके देऊ लागली.

"थांबली ना, माय? मंग काऊन रडून राहिली?" सासूने विचारलं.

"थांबली म्हनून," दुर्पता म्हणाली.

रुख्माबाईला कळलं. तिने पदराने सुनेचं तोंड पुसलं, जंगलू पुसायचा तसंच.