चाळ सोडताना

मी एक जुना कॅनव्हास आहे. मित्रांनो, कॅनव्हास म्हणजे चित्रासाठी लाकडी चौकटीवर ताणून बसवलेले कापड. सध्या मी रावेरला कुंदनच्या घरी भिंतीकडे तोंड करून उभा आहे. पाठीवर कोळ्यांनी संसार थाटला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कुंदन चित्रकलेचा शिक्षक. घरी केळीची बाग, पण याचे सारे लक्ष रंगांत. माझ्यावर त्याने आधी सातपुडा काढला, तो फसला. मग ट्रॅक्टर काढला, तोही फसला. दर वेळी पांढरा रंग फासून त्याने मला पुन्हा कोरे केले. खरे सांगतो, मी अगदी वैतागलो होतो.

त्याच्याकडे परदेशी चित्रांचे एक पुस्तक होते. त्यात बॅले नाचणाऱ्या मुली होत्या, पण नाचताना नव्हे. कुणी बुटाची फीत बांधते आहे, कुणी घोटा चोळते आहे, कुणी चक्क जांभई देते आहे. नाच तर सगळेच काढतात, नाचून दमलेल्या माणसाकडे कोण बघतो, असे कुंदन म्हणायचा.

साक्रीच्या यात्रेत तमाशाचा फड उतरला, तेव्हा तो मला घेऊन थेट कनातीमागे गेला. फडाचे मालक प्रेमराज आबा यांनी परवानगी दिली. दिपमाला ही त्यांची मुख्य नर्तकी. लावणी संपवून ती पत्र्याच्या पेटीवर टेकली. एका पायातले चाळ, म्हणजे घुंगरांचे पट्टे, काढून तिने मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. कुंदनने तेच काढले. सुजलेला घोटा काढला, गालावर ओघळलेली पावडरही काढली. चित्र पुरे झाल्यावर ती ते पाहायला उठली.

"मी आशी दिसस का, भाऊ?" तिने विचारले. पण विचारताना ती हसत होती. आपण चित्र झालो, असे मलाही त्या दिवशी पहिल्यांदाच वाटले.

धुळ्याच्या प्रदर्शनात माझे फार कौतुक झाले आणि मी फुगून गेलो. कुंदनने माझ्याखाली नाव लिहिले होते, 'चाळ सोडताना'. वर्तमानपत्रात माझा फोटो त्या नावासकट छापून आला आणि तिथेच घात झाला.

प्रदर्शन संपायच्या आत दिपमाला तिथे आली. आबांनी तिची जागा मयुरी नावाच्या नव्या मुलीला दिली होती. मला सांगायच्या आधी साऱ्या जिल्ह्याला सांगितलेस, एवढेच ते तिला म्हणाले होते. कुंदनला काही कळेना. मग तिनेच समजावले.

"भाऊ, पायमधला चाळ आम्ही उतारतस. सोडनं म्हन्जे बठ्ठंच सोडनं शे."

नाच कायमचा बंद करणारी बाई 'चाळ सोडते', अशी फडातली बोली. रावेरच्या मास्तरला ती कुठून ठाऊक असणार!

कुंदन तसाच आबांकडे धावला. शब्द माझा, चूक माझी, असे त्याने परोपरीने सांगितले. आबा रागावले नाहीत. वर्तमानपत्रातला माझा फोटो त्यांनी पुन्हा निरखून पाहिला.

"शब्द चुकना, समजनं," ते म्हणाले. "पन चित्र तं खरं शे ना?"

तो सुजलेला घोटा दिपमालाने आबांपासूनही लपवून ठेवला होता. कुंदन मान खाली घालून परत आला. आता ती फडातच असते, पण मयुरीच्या चेहऱ्याला रंग लावते, तिच्या पायात चाळ बांधते आणि कनातीमागे बसून राहते.

मित्रांनो, मी खोटे काही दाखवले नाही, तरी मला लाज वाटते. माझ्यावरची धूळ पुसू नका, मी तसाच बरा आहे. पण दमलेल्या माणसाचे चित्र काढाल, तेव्हा त्याला जपा. चित्र काढू का, असे कुंदनने दिपमालाला विचारले होते, चहाही विचारला होता. हे चित्र लोकांपुढे ठेवू का, एवढे विचारायचे मात्र राहून गेले.