ड्रायव्हर सीटचं माप

गुरुपादय्या अण्णांच्या दुकानात त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. भालकीत ट्रॅक्टर, जीप, बस, कशाचीबी सीट करायची तर लोक त्यांच्याकडंच जातेत. म्हणून माझी गाडीबी तिथंच दिली होती. पन्नास वर्षांची, दोन सीटांची स्पोर्ट्स कार. भंगारातून उचलून तिच्यामागं चार वर्षं राबले मी. रोज तीच घेऊन उदगीरला कॉलेजात शिकवायला जाते आन् वर्षातून दोनदा चेन्नईच्या ट्रॅकवर पळवते.

सीट ठरवायलाच महिना गेला. मऊ करावी तर ट्रॅकच्या वळणावर माणूस दारावर आदळतंय, कडक करावी तर उदगीरच्या खड्ड्यांत मणके खिळखिळे. शेवटी ठरलं, मांडीखाली पातळ फोम आन् खांदे धरून ठेवणारी पाठ, ड्रायव्हरच्याच मापाची. माप दिलं मी. दुसऱ्या दिवशी कापड द्यायला आमचे हे, श्रीमंतराव, गेले होते.

आठ दिवसांवर रेस. नव्या सीटवर बसले तर पाय ब्रेकला पुरंना. खांद्याचा पट्टा ओवायची भोकं माझ्या कानापाशी! असला पट्टा बघून ट्रॅकवर कोण आत सोडणार?

"अण्णा, हे माप कुणाचं?"

"मालकाचं की. तुमच्या मापाची डावीकडची केली, अक्का."

"अहो, गाडी मीच चालवत आणली न्हवं इथं? तुमच्या डोळ्यांदेखत!"

"व्हय, पण ट्रॅकवर मालकच पळवतेत न्हवं? ते काय न्हाई म्हणले न्हाईत."

मी शेजारी उभ्या ह्यांच्याकडं बघितलं. हे फोमचा तुकडा कुरतडायलेत! अण्णांनी टेप ह्यांच्या खांद्याला लावली, मांडीला लावली, तरी ह्या माणसाच्या तोंडातून शब्द फुटला न्हाई?

"पाठीला एक उशी देतो," अण्णा म्हणले.

"उशी न्हाई चालत. उसवा. नव्यानं करा."

"मालक म्हणले तर उसवतो."

"उशीच द्या की," हे हळूच म्हणले. "एवढं काय त्यात?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. बघू द्या म्हणलं. चावी काढून ह्यांच्या हातात कोंबली.

"धरा. घरापर्यंत तुम्हीच चालवा."

हे चावीकडं बघत उभेच.

"चला की! कामून थांबलाव?"

"मला येत न्हाई चालवायला."

"मोठ्यानं सांगा अण्णांना."

"मला गाडी येत न्हाई, अण्णा. रेस हीच पळवती. सीट हिच्याच मापाची करा."

अण्णांनी ब्लेड उचललं, पहिला टाका कापला आन् थांबले.

"मंग मालक, गेल्या साली 'रेसमधी माझा नंबर आला' म्हणत तुम्ही इथं पेढे वाटले, ते?"

ह्यांनी चावी माझ्या हातात परत ठेवली.

माझ्या नंबराचे ते पेढे मीच आणून दिले होते.