पैनेमची कंबर

सांगतो, पण विश्वास कुणी ठेवणार नाही. माझी थोरली बहीण पैनेम हिची कंबर पाहून मुंग्या लाजेनं वारुळात शिरायच्या.

एके दिवशी गावच्या मंडपात आरोग्य केंद्राची मुलगी टेप घेऊन बायकांच्या कमरा मोजत होती. ऐंशी सेंटीमीटरच्या वर गेली की हृदयाला धोका, मग मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. आमच्या जावा बेटावरच्या जुन्या बायका नेसूवर स्टागेन आवळतात. चांगली लांबलचक पट्टी असते ती, पोट कुठल्या कुठे गडप करते. टेप पैनेमच्या त्या स्टागेनवरूनच फिरली आणि ऐंशीच्या पुष्कळ आत थांबली. चिठ्ठी नाही! त्या आनंदात तिनं आळीभर तळलेली केळी वाटली.

महिना झाला नसेल, भाताचं पातेलं उतरवताना ती छाती धरून चुलीपुढे बसली, ती उठलीच नाही. शेवटची अंघोळ घालायला स्टागेन सोडली, तेव्हा पोट एवढं बाहेर आलं की बायकांनी झाकायला आणखी एक कापड मागवलं.

"बोल लावायचा तर त्या मोजणारीला लावा," मी टपरीवरच्या मंडळींना म्हणालो. "पट्टी सोडा, एवढं एका शब्दानं म्हणाली नाही."

पैनेमची लेक वार्सिती माझ्यापुढे कॉफी ठेवत होती. तिनं पेला परत उचलला.

"मामा, खोटं बोलताय. ती म्हणाली होती. आई गाठ सोडायलाही लागली होती. तुम्हीच सगळ्यांदेखत ओरडलात, 'अगं, सोडू नकोस, मंडपात बाकीच्यांना उभं राहायला जागा उरायची नाही!'"