सातवा हात

सरपंच मनस्वीवरचा अविश्वास ठराव मंजूर झाला असता, तर उपसरपंच चंद्रावतीच्या हाती गावाचा कारभार आला असता. हाती म्हणजे सही-शिक्क्यापुरताच. मागच्या खेपेला सरपंच तीच होती; खुर्चीत मात्र तिचा नवरा कमळाकर बसायचा आणि ती बाजूच्या स्टुलावर.

जिते गावाजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात तहसीलदार मतदान घ्यायला आले. ठरावाला सात हात लागत होते. सहा कमळाकरने पक्के केले होते, आणि सातवा काय, घरचाच!

मनस्वी नवऱ्याच्या, मिथुनच्या, बाइकवरून आली. धाटावच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला तो माणूस तिची पिशवी तिच्या हाती देऊन बाहेरच्या कट्ट्यावर जांभया देत बसला. आत डोकावलासुद्धा नाही. चंद्रावतीचा नुसता जळफळाट झाला. हिला खुर्ची मिळाली ती मिळाली, वर असा नवराही!

"सायब, हिचा हात वर हाय असं लिवून घ्या," कमळाकर दारातून बायकोकडे बोट दाखवत म्हणाला.

"तुम्ही सदस्य आहात?" तहसीलदारांनी विचारलं.

"नाय, पण हिचा नवरा हाय ना!"

सगळे हसले. चंद्रावतीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ठराव एका मताने पडला.

"काकी, लय उपकार झाले गो," मनस्वी म्हणाली.

"तुझ्यासाठी नाय केलं," चंद्रावती फणकारली. नजर अजून मिथुनवरच होती.

एकूण काय, मनस्वीची खुर्ची राहिली, कमळाकरची हुकली, आणि तो बायकोला न घेताच बाइकला किक मारून निघून गेल्यामुळे भर उन्हात पायी घरी गेली ती चंद्रावती.