आईची सात तोंडीलावणी

वर्षअखेरच्या सुट्टीत आमच्या घरी सगळ्यांचं मिळून एक मोठं जेवण होतं आणि त्याची यादी माझ्याकडे असते. पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून माझा स्वभाव असा झालाय, की ठरलेल्या गोष्टीत कुणी ढवळाढवळ केलेली मला खपत नाही. "ताईच्या नाकावर राग," असं माझा भाऊ म्हणतो. असू दे. नाक माझं आहे.

या वर्षी ढवळाढवळ केली ती त्यानंच. त्याला आम्ही बाळ म्हणतो. बाळ आता एक्कावन्न वर्षांचा आहे, बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे आणि डोक्यावरचे केस बोटांवर मोजण्याइतके उरलेत. जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी मी पिशव्या घेऊन त्याच्या घरी पोचले, तर स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती तिघंही बसलेले. बाळ, बाबा आणि भावजय. भावजयीचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. गेल्या आठवड्यात तिथल्याच पायरीवरून घसरली आणि स्वतःचाच एक्स-रे काढून घ्यायची पाळी तिच्यावर आली.

"ताई, यंदा चारच तोंडीलावणी करू," मी पिशव्या खाली ठेवायच्या आत बाळ म्हणाला. "हिचा हात असा. करणार तू आणि मी. सात काही आपल्याच्यानं व्हायची नाहीत."

सात म्हणजे सातच. बाळला ते काय कळणार! आईला जाऊन सोळा वर्षं झाली. तिच्या साड्या वाटल्या गेल्या, शिलाई मशीन विकलं गेलं, कपाटात बाळच्या पान्यांच्या पेट्या आल्या. जशीच्या तशी राहिली होती ती ही सात तोंडीलावणी. त्यातलं एक गेलं की आईचंच काहीतरी जाणार, असं मला वाटायचं, आणि ते मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

आईचा कायदा साधा होता. मधली भाजलेली कोंबडी सगळ्यांची, पण तोंडीलावणं ज्याचं त्याचं. घरातल्या प्रत्येक माणसाच्या आवडीचं एक. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र ते लगेच मिळायचं नाही. सलग दोन वर्षं त्यानं आमच्यात बसून गुपचूप दुसऱ्यांच्या आवडीचं खायचं. तिसऱ्या वर्षी आई शेगडीपाशी उभी राहून, पदराला हात पुसत त्याला विचारायची, "तुला काय हवं?" बस्स. त्या दिवसापासून तो माणूस घरचा. त्याचं तोंडीलावणं यादीत चढायचं आणि कायम राहायचं.

वरच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या मावशी राहायच्या, एकट्याच. सख्ख्या नव्हेत, मानलेल्या. आईनं त्यांना विचारलं तेव्हा मी दहा वर्षांची असेन. त्या बाई एरवी केवढ्या करड्या, पट्टी घेऊन ताल शिकवायच्या. पण त्या दिवशी "बीट" एवढंच म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसत बसल्या. मला तेव्हा फार गंमत वाटली होती. बिटासाठी काय रडायचं?

"बरं, कुठली चार?" मी खुर्ची ओढून बसले. आवाज चढलाच होता. "तूच सांग. आजोबांचा भोपळा काढू?"

"काढ की," बाळ म्हणाला. "आजोबांना दात नव्हते म्हणून तो लगदा व्हायचा. आता आपल्याला दात आहेत."

"आणि मामाचा मका?"

"मामा ट्रक चालवायचा, रस्त्यावर कणसं खाऊन खाऊन त्याला सवय लागलेली. ताई, खरं सांग, मामा गेल्यापासून तो मका कोण खातं? दरवर्षी डब्यात भरून तुझ्याबरोबर देतो. तू काय करतेस त्याचं?"

मी पिशवीतून यादी काढून ती उलगडायला लागले. शेजारणीला देते.

बाबा हसायला लागले. चौऱ्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, पण नेमकं हवं ते बरोबर येतं. "मामानं एकदा अख्खी परात संपवली होती," ते म्हणाले. "तुझी आई त्याला म्हणाली, अरे, ट्रकमध्ये डिझेल भरतोयस की काय!"

मग काय, आठवणींचा डबाच उघडला. आजोबा भोपळा मिशीला लावून घ्यायचे आणि मी ती रुमालानं पुसायची. मावशी जेवताना टेबलावर बोटांनी ठेका धरायच्या आणि बाळ मुद्दाम चुकीच्या जागी चमचा आपटायचा. ओव्हनचं दार नीट बसायचं नाही, म्हणून बाळला त्याला पाय लावून बसायची ड्यूटी असायची; एकदा तो तसाच झोपला आणि बुटाचा तळवा वितळला. वास इतका सुटला की आईला वाटलं कोंबडीच करपली. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या टेबलाशी एके काळी आम्ही सात माणसं दाटीवाटीनं बसायचो, एकमेकांची कोपरं ताटात. आता चौघं, आणि मधे एवढी जागा.

हसता हसता मी थोडी ढिली पडले हे खरं. भोपळा, मका, बीट, तिन्ही माणसं गेलेली, तिन्ही तोंडीलावणी मी एकेक करून खोडली. प्रत्येक रेघ मारताना जिवावर आलं. उरली चार. बाबांचे बटाटे, बाळचा घेवडा, माझी गाजरं आणि आईचा स्वतःचा, लसणाची फोडणी दिलेला कोबी.

"कोबीला हात लावायचा नाही," मी बजावलं. "बाकी तुझं सगळं ऐकलं."

"नाही लावत बाई," बाळ म्हणाला.

मी यादी नव्यानं लिहून काढली. डावीकडे तोंडीलावणं, उजवीकडे ते कुणाचं, अशी माझी पद्धत आहे. लिहून कागद भावजयीपुढे सरकवला. गेली सोळा वर्षं हे सगळं तीच तर करत आली होती; मी यादी घेऊन यायची, पुढ्यात ठेवायची आणि गाजरं किसायला बसायची. "अगं, कशाला किती लागेल ते बघून सांग," मी म्हटलं. "तुला अंदाज आहे."

तिनं डाव्या हाताच्या बोटानं एकेक ओळ वाचली. बटाटे, बाबा. घेवडा, बाळ. गाजर, मी. कोबी, आई. बोट कागदाच्या खाली गेलं, कोऱ्या जागेवर क्षणभर थांबलं आणि तिनं ते मागे घेतलं. "बटाटे दीड किलो पुरतील," ती म्हणाली. "कोबी एकच आणा, लहान. घेवडा मी आणून ठेवलाय."

मी ते थांबलेलं बोट पाहिलं होतं. मी टेबलाकडे पाहिलं. चार माणसं. कागदाकडे पाहिलं. चार नावं. पण ती चार माणसं आणि ही चार नावं एक नव्हती.

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मनातल्या मनात मी वर्षं मोजली. लग्न होऊन आली ते पहिलं वर्ष. दुसऱ्या वर्षी आई अजून धडधाकट होती, कायद्याप्रमाणे तिनं विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, आणि शेगडीपाशी उभी होते मी. यादी वाचत होते, सातच्या सात झाली पाहिजेत म्हणून सगळ्यांवर खेकसत होते. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली आणि त्या यादीला मी कुलूप लावलं. मेलेल्या माणसांचं एकेक तोंडीलावणं मी सोळा वर्षं हिच्याकडून शिजवून घेतलं आणि हिचं एकही नाही.

"अगं," मी म्हटलं, "तुझं कुठलं?"

"माझं काय ताई?"

"तोंडीलावणं."

बाळनं मान वर केली. त्यालाही तेव्हाच कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. ती प्लास्टरच्या कडेचा सुटलेला धागा ओढत बसली.

"तिसऱ्या वर्षी मी वाट बघत होते," ती म्हणाली. "यांनी मला ते सगळं सांगितलं होतं, मावशींचं वगैरे. आई आजारी होत्या, म्हटलं तुम्ही विचाराल. मग वाटलं, पुढच्या वर्षी."

"आणि मग तू बोलली का नाहीस? तोंड नव्हतं का तुला?" मला माझाच इतका राग आला होता की तो तिच्यावरच निघाला.

"मागून घेतलं तर त्याला काय अर्थ, ताई?"

मला लाज वाटली. इतकी, की बाबांसमोर बसवेना.

मी पेन उचललं आणि आईच्या कोबीवर रेघ मारली. रेघ सरळ आली. बाळ म्हणाला, "ताई, पाच करू, मी करतो कोबी," तर मी त्याला गप्प बस म्हटलं. मग उठले, शेगडीपाशी जाऊन उभी राहिले. मला पदर नव्हता, म्हणून ओढणीलाच हात पुसले.

"तुला काय हवं?"

ती आधी हसली. मग म्हणाली, "मटार." आणि लगेच, "नाही, थांबा. मटार तेव्हा ठरवले होते मी. लोण्यात परतलेले, वर मिरपूड." ती गोंधळून बाळकडे बघायला लागली. "आता मला काय आवडतं? इतक्या वर्षांत मी विचारच केला नाही हो."

"आठव," बाबा म्हणाले. "सावकाश आठव, पोरी."

दुकान बाराला बंद होणार होतं आणि अजून काहीच आणलेलं नव्हतं. ती डोळे मिटून विचार करत राहिली, आणि आम्ही तिघं पहिल्यांदाच तिची वाट बघत बसलो.