काचेच्या पेटीतलं ऊन

मी एक जुनी सापसुरळी आहे. नावात साप असला, तरी मित्रांनो, मला चार पाय आहेत आणि विष मुळीच नाही. हे समजून घ्यायला कोणी थांबतच नाही. थांबली ती एकटी त्रिवेणी.

ती जामबागच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. नल्लकुंटा वस्तीतल्या आपल्या घराच्या अंगणात मांजराच्या तावडीतून तिनेच मला सोडवलं. ते दिवस नव्या हौसेचे होते. घरोघरी केबल आली होती. त्रिवेणीच्या नवऱ्याने नामपल्लीला दरवर्षी भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनातून, नुमाइशीतून, माशांसाठी काचेची पेटी आणली होती, पण मासे काही टिकले नाहीत. त्या पेटीत तिने ओली माती, पालापाचोळा आणि दोन रोपं घातली, मला सोडलं आणि वर जाळी बसवली. जखम भरेपर्यंतच, असं ती म्हणाली होती. जखम केव्हाच भरली. मी मात्र आतच राहिले. काचेला नाक घासून घासून ते सोलून निघालं.

एके दिवशी मातीवर रव्याहूनही बारीक पांढरे किडे दिसले. त्रिवेणीच्या सासूबाई कुसुमताई घाबरल्या.

"अगं, किडे पडले की हिच्या मातीत! बिचारीचं रक्त पिऊ लागले असतील."

"थोडे बाटलीत नेते, आई. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली बघून ओळखते. तोवर औषध मारू नका."

मला विचारलं असतं, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. ते चावत नव्हते. बुरशी खात होते, माझी घाण साफ करत होते आणि कधी माझ्या पाठीवरून उड्या मारत होते. त्या कोंडवाड्यात माझी सोबत तेवढीच होती.

कुसुमताईंनी औषध मारलं नाही. पण त्या दिवशी त्या तांदळाला ऊन दाखवत होत्या. ऊन लागलं की सोंडे किडे चालते होतात, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव. त्यांनी पेटी पाटावर घेतली, ओढत अंगणात आणली आणि तांदळाशेजारी ठेवली.

"बस माय, जरा ऊन खा. सगळे पळून जातील बघ," असं प्रेमानं म्हणून त्या आत जाऊन आडव्या झाल्या.

ऊन मला आवडतं, पण नको झालं की दगडाखाली शिरायचं असतं. इथे काच तापली, माती तापली. मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावले. पानांखाली शिरले, तर तिथेही भाजत होतं. आता मरणार, असंच मला वाटलं. फार भीती वाटली हो.

तेवढ्यात फाटक वाजलं. "आई, ओळखले! चांगले आहेत ते, बुरशी खाणारे!" त्रिवेणी आनंदाने ओरडत आली आणि उन्हातली पेटी दिसताच धावली.

तिने मला सावलीत नेलं, ओल्या फडक्यावर ठेवलं. बऱ्याच वेळाने मी डोळे उघडले. पांढरे किडे सगळे मेले होते. कुसुमताई जमिनीवर बसून रडत होत्या.

"तांदळातले किडे पळतात गं. हिला कुठं जागा होती पळायला? माझ्या डोक्यातच आलं नाही."

त्रिवेणीने पेटी ओढून सावलीत आणली. थोड्या वेळाने तिने मला पुन्हा पेटीत ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं काचेत असेल, तर दुपारी ऊन कुठवर आलंय ते उठून बघत जा. तुम्हाला सावलीत जाता येतं. आम्हाला कुणीतरी न्यावं लागतं.